वाळू थोडी मळू दे

४ मार्च

आत्या,

तुझी तब्येत पत्राच्या शेवटी विचारते. आधी विचारली तर तू तेवढ्याचंच उत्तर लिहून पाकीट चिकटवशील. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी सगळ्याला हो म्हणते आणि ठेवल्यावर निम्मं विसरते, हे तुझंच म्हणणं आहे.

मी एक गोष्ट बोलून बसले आहे. न्यायाधीशबाईंच्या घरी सोबतीला येऊन मला दोन महिने झाले. त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात सुधारला, पाय मागे राहिला. घरामागे पोहण्याचा तलाव आहे. दहा मीटर लांब, पाच रुंद, पाणी छातीपर्यंत. बाईंच्या यजमानांनी हौसेने बांधलेला. तो बघणारा माणूस जानेवारीत काम सोडून गेला आणि पाणी पांढुरकं झालं.

आता फिजिओथेरपिस्ट म्हणतात की पाण्यात चालवलं तर पाय लवकर शिकेल. पण त्यांची अट आहे. "पाऊल तळावर कसं पडतंय ते मला काठावरून दिसलं पाहिजे. गढूळ पाण्यात मी कुणाला उतरवत नाही." त्या वीस तारखेला येणार आहेत. तळ दिसला तर चालणं सुरू. नाही दिसला तर बाईंचा मुलगा त्यांना आपल्या पाचव्या मजल्यावरच्या घरी नेणार, हे घर बंद करणार आणि तलावात माती भरणार. बाईंना जायचं नाही. त्या तसं म्हणत नाहीत, पण मुलाचा फोन येऊन गेला की चष्मा पुसत बसतात, आणि तो आधीच स्वच्छ असतो.

तेव्हा सगळे बसलेले असताना कुणीतरी विचारलं, "पण पाणी कोण बघणार?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला येतं."

मला येतं का, आत्या? दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तू बघायचीस त्या क्लबच्या तलावाचा काठ. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली मी बेरजेच्या आधी शिकले, असं बाबा अजून लोकांना सांगतात. पण शिकणं वेगळं आणि येणं वेगळं.

आकडे लिहिते. पीएच आठ, म्हणजे जास्त. अल्कलिनिटी एकशे साठ, तीही जास्त. क्लोरीन सकाळी टाकते, दुपारी तपासलं तर शून्य. दिवसातून पाच वेळा नमुना घेते, थेंब टाकून रंग जुळवते, आणि जे कमी-जास्त असेल ते तेव्हाच्या तेव्हा सुधारते. तरी पाणी दिवसेंदिवस पांढरंच. काल उजेडाकडे पाठ करून पाहिलं तर दुसरी पायरी दिसत नव्हती. वहीत सगळं लिहिलं आहे, हवं तर पानं पाठवते. पंपाच्या खोलीची काळजी करू नकोस, ती मी आरशासारखी ठेवते.

माझं कुठे चुकतंय ते सांग. मी खोटं बोलले असं ठरायला नको आहे, आणि ते ठरण्याआधी बाईंचं घर जायला नको आहे.

तब्येत कशी आहे?

तुझी,
ठिपके

•

७ मार्च

ठिपके,

तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुर करतो, त्याला मी दाद देत नाही.

प्रत्येक गणिताखाली तपासल्याचा ठिपका देणारी पोरगी अजून तशीच आहे हे वाचून बरं वाटलं आणि पाण्याची दया आली. दिवसातून पाच वेळा? अगं, सुनेच्या भांड्याचं झाकण दर तासाला उघडून बघणाऱ्या सासूसारखी तू त्या तलावाच्या मागे लागली आहेस. भाजी शिजणार कधी?

आता नीट वाच.

पाणी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तपासायचं. मधे दुपारी काठावर गेलीस तरी हात मागे बांधून.

सगळं एकदम सुधारायला जाऊ नकोस. आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग क्लोरीन. पहिल्या दोन गोष्टी एकाच अ‍ॅसिडने खाली येतील. अ‍ॅसिड बादलीभर पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा. वारा आपल्या पाठीकडून. मग पंप चालू ठेवून सहा तास गप्प बसायचं. रात्रीत घाबरून परत ओतलंस तर दुसऱ्या दिवशी उलटं टोक गाठशील.

क्लोरीन सकाळी टाकतेस, ते ऊन खाऊन टाकतं. दुपारी शून्य दिसणारच. ऊन उतरल्यावर टाक. पहिल्या दिवशी जरा जास्त टाकावं लागेल, म्हणजे पाण्यातली घाण एकदाची मरेल. त्याने पाणी आणखी पांढरं झालं तर रडत बसू नकोस, एक-दोन दिवसांत उतरतं. अ‍ॅसिड आणि क्लोरीनचे डबे एका फळीवर ठेवायचे नाहीत, हे सांगायची गरज नाही, तरी सांगितलं.

चार दिवसांत पाणी निवळलं पाहिजे. आकडे जागेवर आले आणि पाणी नाही निवळलं, तर कारण दुसरीकडे आहे. मग मला पुन्हा लिही, आणि जे तुला लिहावंसं वाटणार नाही ते आधी लिही.

"मला येतं" म्हटलंस त्यात खोटं काही नाही. येतं म्हटल्याशिवाय काही येत नाही.

आत्या

•

११ मार्च

आत्या,

तू सांगितलंस तसंच्या तसं केलं. हात खरंच मागे बांधले. बाई खिडकीतून बघत होत्या, त्यांनी विचारलं, "कैदेत आहेस का?" मी म्हटलं, "आत्याचा हुकूम आहे." "मग अपील नाही," म्हणाल्या.

नऊ तारखेला सकाळी आकडे असे होते: पीएच सात पूर्णांक चार, अल्कलिनिटी एकशे दहा, क्लोरीन दोन. मी वहीत ठिपका दिला. पण दहाला संध्याकाळी पीएच पुन्हा सात पूर्णांक आठ, आणि अल्कलिनिटीही वर. आणि पाणी होतं तसंच. तांदूळ धुतल्यावर तिसऱ्या पाण्याचा जो रंग असतो, तो.

आता जे लिहावंसं वाटत नाही ते. पाण्याची पातळी रोज चार बोटं खाली जाते. मी रोज नळाने भरते. आधी वाटलं ऊन आहे, वाफ होत असेल. मग एक बादली तलावाच्याच पाण्याने भरून वरच्या पायरीवर ठेवली, आत आणि बाहेर पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी अर्धं बोटही उतरलं नव्हतं. तलावातलं चार बोटं. म्हणजे वाफ नाही. गळती आहे.

मी लपवू शकले असते. दोन तास पंपाच्या खोलीत फडकं घेऊन नळ्या पुसत बसले आणि मग बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी मुलाला सांगितलं, कारण त्याही लपवत नाहीत. मुलगा म्हणाला, "आई, मग प्रश्नच मिटला. फुटका तलाव कोण दुरुस्त करणार? वीसला कंत्राटदाराला बोलावतो, माप घेऊन जाईल."

रात्रीच्या जेवणाला बाईंनी मला वाढलं. नेहमी मी वाढते. म्हणाल्या, "खरं सांगितलंस, चांगलं केलंस."

आत्या, माझ्या खरेपणाने त्यांचं घर जाणार. कोठून गळतंय ते शोधायची एखादी रीत असेल तर सांग. नऊ दिवस आहेत.

तुझी,
ठिपके

•

१४ मार्च

ठिपके,

तुझं पत्र चहा पिता पिता उघडलं. बादलीपर्यंत आले आणि कप खाली ठेवला. बादलीची रीत मी तुला कधीच शिकवली नव्हती. ती मला पाच वर्षं काम केल्यावर एका म्हाताऱ्या प्लंबरने सांगितली होती. तू ती स्वतः काढलीस. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे रागावणार आहे.

गळती नाही. फोडाफोडी करायला कुणाला बोलावू नकोस.

तू दोन पत्रांत मला पीएच सांगितलास, ऊन सांगितलंस, बादली सांगितलीस, फडकं सांगितलंस. फिल्टर किती वेळा धुतेस ते कुठेच नाही. माणूस शंका असेल तेवढंच लिहितो. ज्याची खात्री असते ते लिहीत नाही, आणि चूक तिथेच पाय पसरून बसलेली असते.

तेव्हा मी हिशेब केला. घरगुती फिल्टर उलटं पाणी सोडून पाच मिनिटं धुतला तर हजारेक लिटर बाहेर जातं. तुझा तलाव दहा बाय पाचचा. चार बोटं म्हणजे तीन हजारांच्या थोडं वर, वाफेसकट. म्हणजे तू तो दिवसातून तीनदा धुतेस. सकाळ, दुपार, संध्याकाळ. चुकत असेन तर कळव.

आता ऐक. फिल्टरमध्ये वाळू असते. नुकती धुतलेली वाळू म्हणजे मोठ्या भोकांची चाळणी. जाडा कचरा अडतो, बारीक धूळ सरळ निघून जाते. तो जाडा मळ वाळूत बसला की भोकं लहान होतात, आणि मग तो मळच बारीक मळाला पकडतो. पाणी कोरी वाळू गाळत नाही, मळकी वाळू गाळते. तू तिला मळूच देत नाहीस. शिवाय रोज तीन हजार लिटर नळाचं जड, क्षारांचं पाणी आत घेतेस, मग पीएच जागेवर राहील कसा? एका हाताने शिवतेस आणि दुसऱ्या हाताने उसवतेस.

टाकीवर दाबाचा काटा आहे. धुतल्यावर तो दहाच्या आसपास असेल. तो अठरावर जाईपर्यंत वाळूला हात लावायचा नाही. पंप दिवसरात्र चालू दे. आज पत्र मिळालं की आजपासून.

आणि रागावणार होते, ते आता माझ्यावरच यावं लागतंय. काम झालं की आपले हात धुवायच्या आधी अवजार धुवायचं, हे तुला मी शिकवलं. तू सहा वर्षांची होतीस, जाळीचा दांडा तुझ्याहून उंच होता, तरी तू तो धुऊन उलटा ठेवायचीस. वाळूचा धडा त्याच्या पुढचा होता. दहाव्या वर्षी तुला शाळेत घातलं आणि तो राहून गेला. अर्धं शिकवलेलं माणूस जेवढं नेटाने काम करतं तेवढं नुकसान होतं. तेव्हा यात अर्धा वाटा माझा.

बाईंना सांग. गळती सांगायला गेलीस तशीच जा.

आत्या

•

१७ मार्च

आत्या,

तीनदाच. पाच-पाच मिनिटं, घड्याळ लावून.

पत्र काल सकाळी मिळालं. मी तशीच बाईंकडे गेले. त्या जेवणाच्या टेबलाशी शब्दकोडं सोडवत होत्या. मी समोर उभी राहिले.

"बस," म्हणाल्या. "उभं राहून कबुली दिली की शिक्षा कमी होते हा गैरसमज आहे."

"बाई, तलाव गळत नाही. पाणी मी बाहेर सोडत होते."

"कशासाठी?"

"फिल्टर धुवायला. दिवसातून तीनदा. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा धुवायचा असतो. म्हणून पाणी निवळत नव्हतं. सगळं माझ्यामुळे."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे आरोप काय? अतिस्वच्छता?"

"हो."

"पस्तीस वर्षं खुर्चीवर बसले, हा खटला माझ्यासमोर आला नाही." मग म्हणाल्या, "चारच दिवस आहेत. निवळेल?"

मी हो म्हणणार होते, पण म्हटलं नाही. म्हटलं, "आत्या म्हणते निवळेल. मी कधी पाहिलेलं नाही."

"हे उत्तर चांगलं आहे," म्हणाल्या, आणि माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. "गळतीचा साक्षीदार उलटला रे. हो, स्वतःहून. नाही, कुणी फितवला नाही. कंत्राटदाराला यायचं तर येऊ दे, पण आधी फिजिओ बघतील, मग तो." पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. बाई म्हणाल्या, "हिला काढायचं की नाही ते मी बघते. घर अजून माझं आहे."

मग त्यांनी माझ्याकडून पंपाच्या खोलीची किल्ली मागून घेतली. "तुझ्या हातांना जामीन नाही." आता काटा बघायचा तर बाईंना बरोबर न्यावं लागतं. चार पायांची काठी टेकत त्या स्वतः दारापर्यंत येतात, कुलूप उघडतात, मी काटा वाचते, त्या कुलूप लावतात. घरापासून त्या खोलीपर्यंत त्या मी आल्यापासून कधी गेल्या नव्हत्या. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही.

काल सकाळी काटा दहावर होता, आज साडेबारावर. खोलीत पंपाच्या जाळीतला कचरा दिसला की माझे हात शिवशिवतात. पण संध्याकाळी दुसरी पायरी दिसली. तिसरी आहे असं वाटतं, पण मला ती आहे हे माहीत आहे, त्यामुळे माझं बघणं धरू नकोस.

ठिपके

•

१९ मार्च

ठिपके,

पत्र पोचेपर्यंत वीस तारीख उजाडून गेलेली असेल, तरी लिहिते.

तीस वर्षांत माझ्या हाताखाली बरेच जण येऊन गेले. पाणी बिघडलं की कुणी पंपाला दोष दिला, कुणी उन्हाला, एकाने तर बगळ्याला. मालकासमोर जाऊन "माझ्यामुळे" म्हणणारी तू दुसरी. पहिली कोण ते विचारू नकोस, तिने ते सांगायला एक महिना लावला होता. तू एक सकाळ लावलीस.

"आत्या म्हणते निवळेल, मी पाहिलेलं नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. मला कुणी असं वाक्य शिकवलं नाही आणि मीही तुला शिकवलेलं नाही. ते तुझं आहे.

निवळो न निवळो, मला कळव. आणि बाईंना माझा नमस्कार सांग. किल्ली काढून घ्यायचं मला सुचलं नसतं.

आत्या

•

२१ मार्च

आत्या,

काल सकाळी काटा सोळावर होता. पीएच सात पूर्णांक चार, क्लोरीन दोन. मी काठावर गेले नाही. चहा केला, बाईंचे केस विंचरले, त्यांना पोहण्याचा पोशाख घालायला मदत केली, आणि मगच दोघी एकदम बाहेर आलो. मला आधी एकटीने बघायची भीती वाटत होती.

मुलगा आला होता. कंत्राटदार माप घ्यायची फीत घेऊन झाडाखाली उभा होता. फिजिओथेरपिस्ट काठावर उकिडव्या बसल्या आणि मला म्हणाल्या, "मध्यावर तळाला जाळी आहे ना? पट्ट्या मोज."

मी मोजल्या. नऊ होत्या. एका पट्टीचा स्क्रू निघालेला आहे, तेही दिसलं. त्यांनी स्वतः मोजल्या आणि पाण्यात पाय सोडून बसायला बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. तेव्हा मला कळलं की झालं.

मला वाटलं होतं मला खूप आनंद होईल. मला भीतीच वाटली, कारण आता खरंच उतरायचं होतं.

मी आधी उतरले. बाई कठडा धरून एक-एक पायरी आल्या. छातीपर्यंत पाणी आल्यावर त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. त्यांच्या यजमानांना पोहायची हौस होती, बाईंना नव्हती, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं. त्यांना पाण्याची भीती वाटते, आत्या. पायरी दिसेना झाल्यापासून नाही, पहिल्यापासून. घर सोडायचं नाही म्हणून त्या उतरत होत्या.

"चला," फिजिओथेरपिस्ट काठावरून म्हणाल्या. "टाच आधी. घाई नाही."

चाललो. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मग खाली बघायला लागले. त्यांची दोन्ही पावलं निळ्या फरशीवर स्वच्छ दिसत होती, बोटांसकट. उजवं पडायचं, मग डावं. डावं उशिरा उठत होतं. अर्ध्या वाटेपर्यंत ते नुसतं ओढलं जात होतं, मग एकदा टाच आधी टेकली. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, "पाहिलं." मुलगाही काठाने आमच्या बरोबरीने चालत होता, वाकून, त्या पायाकडे बघत. त्याने मागे वळून कंत्राटदाराला हाताने नको म्हणून खूण केली.

पलीकडच्या भिंतीला पोचल्यावर बाईंनी श्वास घेतला, तोंडावरचं पाणी पुसलं आणि परत जायला वळल्या. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"तू जा पुढे," म्हणाल्या. "पायरीपाशी थांब. मी येते."

ठिपके